दादाचा गोल आणि मी

परवा दादाच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला स्टेजवर बोलावलं आणि मी एक शब्दही न बोलता स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटले, हे आता सगळीकडे पसरलंय. कोणी म्हणतं बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणतं गोळ्या जास्त झाल्या. इस्त्रीला कपडे टाकायला येणारी माणसंसुद्धा आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग पिशवी पुढे करतात. म्हणून हे लिहितेय. लिहितेय म्हणजे फोनवर एका बोटाने टाइप करतेय. शाळा माझी चौथीत सुटली, त्यामुळे बोलते तसंच येणार. ज्याला जड जाईल त्याने सोडून द्यावं, पण मग मला वेडी म्हणायचं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नाट्यगृहात तो फॉलोवर होता. फॉलो म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या सख्ख्या मावशीला मरेपर्यंत वाटत होतं की हा कोणाच्या तरी मागे मागे फिरायची नोकरी करतो. नाच चालू असताना सगळीकडे अंधार आणि नाचणारीवर एक गोल उजेड पडतो ना, ती जाईल तिकडे तो जातो, तो फॉलो. तो आपोआप जात नाही. हॉलच्या मागच्या बाजूला वर एक खोपटं आहे, लोखंडी शिडीने चढायचं, तिथे तोफेएवढा दिवा आहे आणि त्याची मूठ धरून एक माणूस उभा असायचा. तो माझा दादा. नाचणारीचं नाव बाहेर फलकावर, पेटीवाल्याचं नाव, कपडे शिवणाऱ्याचं नाव, दादाचं कुठेच नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. "मी दिसलो की चुकलो," म्हणायचा.

आता नाच काय एक राहिलाय का? आज घुंगरूवाल्या बाई, उद्या बॅले, परवा टॅप, मग साल्सा, मग ती डोक्यावर फिरणारी ब्रेकची पोरं, आणि मॉडर्न तर विचारूच नका. लोक म्हणतात आम्हाला हा आवडतो, तो आवडत नाही. दादाला तसं करून चालत नव्हतं. पण मत होतं त्याचं, फक्त ते दिव्यामागून होतं.

"घुंगरूवाल्या बऱ्या," म्हणायचा. "पाय धडाधड आपटतात पण जागा सोडत नाहीत, मध्ये चहा होतो. बॅलेवाल्या पिसासारख्या, पण कधी उडतील नेम नाही. उडाल्या की गोल खाली आणि बाई वर अंधारात. टॅपवाल्यांचं सगळं बुटात असतं, तोंडावर उजेड टाकला तर लोक म्हणतात आवाज कुठून येतोय. ब्रेकवाल्यांचं तोंड शोधावं तर तिथे पाय. आणि ढोलावर नाचणारी एकदम एवढी जणं येतात, गोल कोणावर टाकू? ज्याच्यावर नाही टाकला त्याची आई मध्यंतरात शिडी चढून भांडायला येते."

दादाचं म्हणणं असं की नाचणारी निघाली आणि मग उजेड निघाला, तर उशीर झाला. ती निघायच्या आधी ह्याच्या हाताला कळलं पाहिजे की आता ही निघणार. ते नुसतं बघून कळत नाही, सराव लागतो. सरावाला नाचणारी लागते. आणि घरच्या घरी फुकटची नाचणारी कोण? मी.

मी इस्त्रीचं काम करते. अंगाने पहिल्यापासून भरलेली, घरात मला ढमीच म्हणतात. नवरा गेल्यापासून दादा-वहिनीकडेच राहते. आमची पुढची खोली लांबुळकी आहे, आगगाडीच्या डब्यासारखी. दुपारी पडदे ओढायचे, सोफा भिंतीला लावायचा, दादा एका कोपऱ्यात खुर्चीवर टॉर्च घेऊन बसणार. टॉर्चच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावलेली, म्हणजे गोल नीट पडतो. आणि मी गाऊन खोचून भिंतीच्या कडेने नाचणार. बाहेरगावहून एखादा नवीन नाच येणार असला की दादा तालीम बघून यायचा आणि मला सांगायचा, "ढमे, आज चार पावलं तिरकी, मग गिरकी, मग मागे न बघता मागे." त्याचा हात चुकला, गोल मागे राहिला किंवा पुढे गेला, की तो एवढंच म्हणायचा, "परत." चुकला तो, पण परत पळायचं मी.

मग मीही सूड काढायचे. जोरात निघायचे आणि मध्येच गपकन थांबायचे. गोल हातभर पुढे निघून जायचा, रिकाम्या भिंतीवर. मी हसायचे. तो दात-ओठ खात म्हणायचा, "परत."

अशा रीतीने मी मेली सगळे नाच नाचले. बॅलेसाठी उडी मारली तर खालच्या मजल्यावरच्या काकांचा पंखा बंद पडला. टॅपसाठी माझ्या जुन्या बुटांना खाली बाटलीची झाकणं चिकटवली, तेव्हा काकांनी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. दादा म्हणाला, "बघ, ताल धरला त्यांनी." ब्रेकसाठी मी डोक्यावर काही उभी राहिले नाही, फक्त जमिनीवर आडवी होऊन गोल फिरले, तर मला उठवायला वहिनीला स्वयंपाकघरातून बोलवावं लागलं.

वहिनीला ह्या सगळ्याचा राग. सोफ्याचे पाय झिजतात म्हणायची. पण टँगो आला तेव्हा तीसुद्धा सुटली नाही, कारण टँगोत माणसं दोन आणि गोल एक. तेव्हा आमचं दोघींचं काहीतरी वाजलेलं होतं, तीन दिवस बोलत नव्हतो. दादाने तिला हाताला धरून आणून माझ्यासमोर उभं केलं.

"वन्संबरोबर?" वहिनी म्हणाली.

"चिकटून चालायचं, मान फिरवायची आणि एकमेकींकडे असं बघायचं की आता खाऊ का गिळू."

"ते मला शिकवायला नको," वहिनी म्हणाली.

आम्ही दोघी गाल फुगवून, छातीला छाती लावून खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला गेलो. तिच्या हातात भाजीची सुरी तशीच. दादाने टॉर्च खाली ठेवला आणि म्हणाला, "त्या बाहेरच्या जोडप्याला मी फुकट बघून आलो. टँगो इथे आहे." मग वहिनीला हसू फुटलं, मला फुटलं, भांडण मिटलं. त्यानंतर भांडलो की दादा आम्हाला टँगोवाल्या म्हणायचा.

तर असं मजेत चाललं होतं. मग हाताचं सुरू झालं.

पहिल्यांदा कपबशीत कळलं. दादा चहा घेऊन बसला की कप बशीवर किणकिण वाजायचा. वहिनी बघत राहिली. दादा म्हणाला, "बशी सैल आहे." बशी कधी सैल असते का? पण आम्ही बशी बदलली. दुसरीही सैल निघाली. मग वहिनीने त्याला पेल्यात चहा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले कमी होईल, जाणार नाही.

घरी झाकता येतं, हॉलमध्ये कसं झाकणार? इथे हात जरासा हलला की तिथे स्टेजवर गोल वीतभर हलतो. एका घुंगरूवाल्या बाईंचा कार्यक्रम होता. त्या एका पायावर उभ्या, अगदी देवळातल्या मूर्तीसारख्या, आणि वरून गोल थरथरतोय. मध्यंतरात त्या घुंगरांसकट शिडी चढून वर आल्या.

"पहिल्या रांगेत माझी सासू बसलीय. ती म्हणाली, तोल जातोय तुझा. माझा तोल जात नाही हो! तुमच्या उजेडाचा जातोय!"

दादाने माफी मागितली. पण ते मॅनेजरपर्यंत गेलंच. मॅनेजर वाईट माणूस नाही, दादाला मानायचा. तो म्हणाला, "दादा, नवीन मशीन मिळतंय. नाचणाऱ्याच्या कपड्याला एक बिल्ला लावायचा, दिवा आपोआप बिल्ल्याबरोबर फिरतो. माणूस लागत नाही. तुम्हाला मी खाली दारावर खुर्ची देतो. तिकिटं फाडायची, बसून काम."

"हात हलतो म्हणून दिवा काढून घेताय, मग तिकिटं काय दातांनी फाडू?"

मॅनेजरने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "मोठा कार्यक्रम येतोय, सगळे नाच एकाच संध्याकाळी. तेवढा करा तुम्ही. गोल हलला नाही तर मी मशीनचं नाव काढणार नाही. पण हलला तर दादा, दार."

त्या दिवशी दादा घरी आला आणि त्याने आधी पडदे ओढले. टॉर्च घेऊन भिंतीवर गोल पाडून बसला, आणि तो गोल बघवत नव्हता, नुसता पाण्यात पडल्यासारखा हलत होता. ह्या माणसाला त्या खोपट्यातून खाली आणलं तर हा टिकत नाही, हे मला कळलं. वहिनीलाही कळलं. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"वन्सं, त्या दिवशी तुम्ही वर जा."

"मी? मी काय करू तिथे?"

"ह्यांचा हात धरा. आयुष्यभर इस्त्री फिरवलीत, तुमचा हात हलत नाही. गरम मूठ तुम्हाला नवीन नाही. आणि पुढचं पाऊल कुठे पडणार ते तुमच्याशिवाय कोणाला माहितीय? सगळे नाच तर तुमच्याच अंगातून गेलेत." मग हळूच म्हणाली, "टँगोला मी आले असते, पण मला शिडीची भीती वाटते."

दादाला सांगितलं तर तो चिडला. पण नाही म्हणाला नाही, त्यावरून मी ओळखलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले, नेहमीसारखी, म्हणजे कोणी विचारायला नको. ती शिडी माझ्यासाठी बनवलेली नव्हती. वर पोचेपर्यंत माझ्याच अंगाची थरथर सुरू झाली. खोपट्यात दोघांना धड जागा नाही. दादा पुढे, मी त्याच्या पाठीला चिकटून, माझा हात त्याच्या हातावर, मूठ तापलेली.

"श्वास घेऊ नको मानेवर."

"मग कुठे घेऊ?"

"गप. आली."

घुंगरूवाल्या बाई आल्या, त्याच, सासूवाल्या. एका पायावर उभ्या राहिल्या. मी दादाचा हात असा दाबला जसा शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबतात. गोल जागचा हलला नाही. मग बॅले. "उडणार," मी म्हणाले. "माहितीय," दादा म्हणाला, आणि बाई वर गेली तसा गोल तिच्याबरोबर वर गेला. माझे गुडघे आपोआप वाकले, त्याने खोपट्याची फळी करकरली. टॅपला मी जागच्या जागी पाय हलवत होते. दादा म्हणाला, "ढमे, तू नाचू नको, धर नुसता." पण नाचल्याशिवाय मला कसं कळणार? ढोलवाली सगळी जणं आली. दादा म्हणाला, "कोणावर?" मी म्हणाले, "तो जाडा, कडेचा. त्याच्यावर कधीच कोणी टाकत नाही." टाकला. तो बिचारा इतका खूश झाला की ढोल संपला तरी नाचत राहिला. टँगोला तर मला वहिनीच दिसत होती, हातात सुरी घेतलेली. गोल अगदी ताटासारखा, कड न कड जागेवर.

मला वाटलं जिंकलो. एकच राहिलं होतं, मॉडर्न.

मॉडर्नवाल्या बाई आल्या, मध्यभागी येऊन उभ्या राहिल्या. आणि उभ्याच राहिल्या. आम्ही त्यांच्यावर गोल धरला. त्या उभ्या. गाणं नाही, काही नाही, कुठेतरी नळ गळतोय तसा आवाज.

"विसरली का रे ही?"

"गप. हाच नाच आहे."

"कुठला?"

"उभं राहण्याचा."

आता बघा, घरी मी पळाले, उडाले, लोळले. पण नुसतं उभं राहायचा सराव दादाने मला कधी दिलाच नव्हता. हलणारं काही असलं की हाताला काम असतं. इथे काम नाही, नुसतं उभं. माझ्या नाकाला खाज सुटली. त्या दिव्यावर किती वर्षांची धूळ होती कोण जाणे. मी नाक दाबलं, ओठ चावले. आणि शिंक आली. मी दोन्ही हात तोंडावर घेतले.

दोन्ही हात! म्हणजे दादाचा हात उघडा पडला.

एक शिंक दाबली तर दुसरी आली, दुसरी दाबली तर तिसरी. दादा दातातल्या दातात म्हणतोय, "हात ठेव, ढमे, हात ठेव." आणि खाली गोल थरथरायला लागला. मी डोळे उघडले तर त्या बाईने खाली पायापाशी बघितलं, गोलाची कड हलत होती. आता ही वर येऊन भांडणार, असं मला वाटलं. पण तिने काय करावं? तिची बोटं थरथरायला लागली. फक्त बोटं. मग मनगट. मग अख्खा हात, उजेडासारखाच. मी हात पुढे नेला होता तो तसाच हवेत राहिला, ठेवायचाच विसरले. ती थरथरत थरथरत खाली बसली आणि अंधार झाला.

मग टाळ्या. एवढ्या टाळ्या बॅलेला नव्हत्या.

दादा खुर्चीवर बसला. "गेलं," म्हणाला. "दार."

शिडीवर पावलं वाजली. त्या बाईच वर आल्या, मागे मॅनेजर. बाईंनी येऊन दादाचा तोच हात दोन्ही हातांत धरला.

"हे तुम्ही कसं केलंत?"

"त्या हातालाच विचारा," दादा म्हणाला.

"पुढच्या वेळी मला हाच माणूस पाहिजे," बाई मॅनेजरला म्हणाल्या. "तुमचं ते मशीन असं करेल का?"

मॅनेजर एकदा दादाकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "ताई, तुम्ही इथे कशा?"

"डबा आणलाय."

"कार्यक्रम संपला. डबा अजून बांधलेलाच?"

"गरम राहतो इथे," मी म्हणाले. त्याने पुढे काही विचारलं नाही. मशीनचं नावही काढलं नाही.

दोन दिवसांनी पेपरात आलं, त्या नाचात उजेडसुद्धा श्वास घेत होता आणि अंधारातून कोणाचेतरी दाबलेले हुंदके येत होते. वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, "वन्सं, तुमच्या शिंका पेपरात आल्या." आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. दादा मात्र फुगला होता. "एवढं सगळं सरळ धरलं त्याबद्दल एक ओळ नाही. जे चुकलं त्याची आरती." जेवायलाही बसेना. वहिनी म्हणाली, "नोकरी राहिली ना? मग जेवा आणि नंतर रुसा." तेव्हा बसला.

त्यानंतर मी दर कार्यक्रमाला वर. मॅनेजरने न बोलता खोपट्यात दुसरी खुर्ची पाठवली, जरा रुंद. आणि खरोखरच त्या मॉडर्नवाल्या बाई परत आल्या, खास त्या थरथरीसाठी. तालमीला येऊन उभ्या राहिल्या मध्यभागी. तोच नळ गळतोय. मी विचारलं, "सोडू का हात?" दादा म्हणाला, "सोडलास तर याद राख." आम्ही गोल असा धरला, जसा भिंतीत खिळा ठोकावा. तालीम थांबवून बाई वर आल्या.

"थरथर कुठे गेली?"

"गोळी लागू पडली, बाई."

"अहो, पण उजेड हलला नाही तर मी थरथरू कशी?"

दादा म्हणाला, "तुम्ही नाचणाऱ्या ना? तुम्ही थरथरा. आम्ही धरतो."

बाई खाली गेल्या आणि नाचल्या. त्या कार्यक्रमाचं पेपरात काही आलं नाही. पण दादा घरी येताना रस्त्याने शीळ वाजवत होता.

पुढे त्याला शिडी चढवेना. मग अंथरुणच धरलं. मॅनेजर आता काय करणार, त्याने मशीन आणलं. दुपारी मी इस्त्रीवरून आले की वहिनी आपणहून पडदे ओढायची, सोफा सरकवायची. दादा छातीवर टॉर्च ठेवून पडलेला. आता गोल त्याच्या ताब्यात नव्हताच, भिंतभर कुठेही उडायचा, छतावर, घड्याळावर, वहिनीच्या तोंडावर. तो माझ्याबरोबर येऊ शकत नव्हता, म्हणून मग मीच त्याच्याबरोबर जायला लागले. गोल खिडकीकडे पळाला की मी पळायचे, दाराकडे गेला की दाराकडे. गोलातून बाहेर पडायचं नाही, एवढंच. दम लागायचा. दादाला वाटायचं त्याचा हात बरोबर चाललाय. की कळत होतं त्याला, कोण जाणे. डोळे मिटून हसायचा. त्या दिवसांत खालच्या काकांनी एकदाही दांडा मारला नाही.

आता शोकसभेचं. हॉल भरलेला. घुंगरूवाल्या, टॅपवाले, ब्रेकची पोरं, ढोलवाला जाडा, सगळे आले होते, शेजारी शेजारी बसून नाक पुसत होते. मॅनेजरने माझं नाव पुकारलं आणि माझ्या ओढणीला तो बिल्ला लावला. मी मध्यभागी जाऊन उभी राहिले. दिवे गेले आणि माझ्यावर गोल पडला.

मी बोलणारच होते. पण मला गोलात नुसतं उभं राहायची सवय नाही. पाय आपोआप निघाले, चार पावलं तिरकी, मग गिरकी. गोल माझ्याबरोबर, तसूभरही इकडेतिकडे नाही. मग मी पळाले, जोरात, अगदी त्या टोकाला. आणि गपकन थांबले.

मशीनही थांबलं. माझ्यावरच. पुढे गेलंच नाही. मी पुढची रिकामी जागा बघत राहिले, तिथे हातभर पुढे गोल नव्हता, अंधार होता. मला परत पळायचं होतं, पण परत म्हणायला कोणी नव्हतं, आणि त्याने म्हटल्याशिवाय मी कधी पळाले नाही. किती वेळ उभी होते माहीत नाही. रडत होते ते मात्र सगळ्यांना दिसलं असणार, उजेड चांगला होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, भाजीवाल्याला चौथ्या मजल्यावरून हाक मारावी तसा.

"परत!"

वहिनी उभी राहिली होती, नाक लाल, पर्स पोटाशी धरलेली.

"बघता काय वन्सं? परत!"

मी ओढणी खोचली आणि निघाले.